पाहुण्यांच्या शिफारशी, घरच्यांची निवडणूक

सप्टेंबर २०२३ मध्ये मालदीवच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत एकच प्रश्न गाजत होता : निवडून येणारा भारताच्या बाजूचा की चीनच्या? मोहम्मद मुइझ्झू दुसऱ्या फेरीत सुमारे ५४ टक्के मतं मिळवून जिंकले आणि चर्चा तिथेच संपली. त्याच दिवसांत युरोपीय संघाचं निरीक्षण पथक त्या देशात फिरून वेगळ्याच गोष्टी टिपत होतं. मतांसाठी पैसे वाटले जात आहेत का? सरकारी कंपन्यांतल्या नोकऱ्या प्रचाराचं साधन झाल्या आहेत का? उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब कोण तपासतं? हे प्रश्न मालदीवच्या साध्या मतदाराचे आहेत आणि दिल्ली-बीजिंगच्या चष्म्यातून ते दिसत नाहीत. निरीक्षक आणि त्यांच्या शिफारशी यांच्याबद्दलही बरेच गैरसमज आहेत. मालदीवचा २००८ पासूनचा अनुभव समोर ठेवला की ते एकेक करून दूर होतात.

गैरसमज : आंतरराष्ट्रीय निरीक्षक निवडणुकीवर देखरेख करतात आणि गैरप्रकार दिसला तर ती थांबवतात.

वस्तुस्थिती : निरीक्षक हे यजमान देशाच्या निमंत्रणावरून आलेले पाहुणे असतात. निवडणूक घेण्याचं काम मालदीवच्या निवडणूक आयोगाचं. २००८ च्या राज्यघटनेने या पाच सदस्यांच्या आयोगाला स्वतंत्र दर्जा दिला आहे. निरीक्षकांनी कसं वागावं याची तत्त्वं २००५ साली संयुक्त राष्ट्रांमध्ये जाहीर झालेल्या घोषणापत्रात आहेत. त्यानुसार निरीक्षकाने तटस्थ राहायचं, देशाचे कायदे पाळायचे आणि मतदानाच्या किंवा मोजणीच्या कामात हात घालायचा नाही. मतदान केंद्रावर काही वावगं दिसलं तर तो ते लिहून घेतो, प्रश्न विचारतो, पण केंद्राध्यक्षाला हुकूम देऊ शकत नाही. त्याची ताकद एवढीच, की जे पाहिलं ते तो उघडपणे सांगतो.

गैरसमज : निरीक्षकांनी ‘निवडणूक चांगली झाली’ म्हटलं की निकालावर शिक्कामोर्तब होतं.

वस्तुस्थिती : २०१३ साली मालदीवमध्ये जे घडलं ते या समजुतीला पुरेसं उत्तर आहे. ७ सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत सुमारे ८८ टक्के मतदान झालं. माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांना ४५ टक्क्यांहून थोडी अधिक मतं मिळाली. मालदीवमध्ये निम्म्याहून जास्त मतं कोणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. दुसऱ्या क्रमांकावरचे अब्दुल्ला यामीन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे गासिम इब्राहिम यांच्यात २,६७७ मतांचंच अंतर होतं. गासिम यांचा पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला.

जमैकाचे माजी पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रकुल पथकाने या मतदानाची प्रशंसा केली होती. भारतातून गेलेल्या पथकात जे. एम. लिंगडोह, बी. बी. टंडन आणि एन. गोपालस्वामी हे आपले तीन माजी मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांचंही मत चांगलं होतं. तरीही ७ ऑक्टोबरला न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ही फेरी रद्द केली. पोलिसांच्या एका गोपनीय अहवालात ५,६२३ मतं अपात्र ठरवली होती, त्यावर निकालाची भिस्त होती.

पुढचं तर आणखी गंभीर आहे. न्यायालयाने आयोगाला सोळा कलमी नियमावली घालून दिली. मतदार यादीवर प्रत्येक उमेदवाराची सही हवी, अशी अट तीत होती. १९ ऑक्टोबरला फेरमतदान ठरलं, पण यामीन आणि गासिम यांच्या सह्या झाल्या नव्हत्या. त्या दिवशी सकाळी पोलिसांनी आयोगाला मतदान साहित्य बाहेर नेऊ दिलं नाही. म्हणजे यादीवर सही न करण्याइतक्या सोप्या उपायाने एखादा उमेदवार अख्ख्या देशाचं मतदान अडवू शकत होता. अखेर ९ आणि १६ नोव्हेंबरला मतदान झालं आणि यामीन ५१.३९ टक्के मतांनी जिंकले. मार्च २०१४ मध्ये, संसदेची निवडणूक दोन आठवड्यांवर आली असताना, न्यायालयाने अवमानाच्या प्रकरणात आयोगाचे अध्यक्ष फुवाद तौफीक आणि उपाध्यक्ष यांना पदावरून दूर केलं.

त्या वेळी युरोपीय संघाचं निरीक्षण पथक मालदीवमध्येच होतं. त्याला हे काही थांबवता आलं नाही. पण आयोगाची स्वायत्तता या नियमावलीने पोखरली जाते आणि ती बदलायला हवी, हे त्याने स्पष्टपणे मांडलं. निकालावर शिक्का मारण्याचा अधिकार निरीक्षकाला नसतो. घडलेल्याची साक्ष मात्र त्याच्याकडे राहते.

गैरसमज : निरीक्षक मतदानाच्या दिवशी चार केंद्रं पाहतात, फोटो काढतात आणि परत जातात.

वस्तुस्थिती : काही पाहुणे तसे येतात, हे खरं. पण पूर्ण निरीक्षण पथकात दोन प्रकारचे लोक असतात. एक गट मतदानाच्या कित्येक आठवडे आधी येतो. त्यात कायद्याचे, प्रसारमाध्यमांचे, खर्चाच्या हिशेबाचे जाणकार असतात. उमेदवारी अर्ज का फेटाळले गेले, सरकारी वाहिनीने कोणाला किती वेळ दिला, तक्रारींचा निकाल किती दिवसांत लागला, हे ते तपासतात. दुसरा गट मतदानाच्या सुमाराला येऊन केंद्रांवर पसरतो. सकाळी मतपेटी रिकामी असल्याचं दाखवून तिला सील लावलं का, इथपासून रात्रीच्या मोजणीपर्यंत तो नोंदी ठेवतो. मतदानानंतर लगेच प्राथमिक निवेदन येतं, ते बातमी होतं. शिफारशींसह अंतिम अहवाल काही महिन्यांनी येतो आणि तोपर्यंत कॅमेरे दुसरीकडे वळलेले असतात. म्हणून निरीक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग वाचकांपर्यंत पोचतच नाही.

आधीचा काळ किती महत्त्वाचा, हे २०१८ साली दिसलं. त्या वर्षी फेब्रुवारीत यामीन यांनी आणीबाणी लादली. सरन्यायाधीशांना अटक झाली, माजी राष्ट्राध्यक्ष गय्यूमही गजाआड गेले. नशीद यांना आधीच शिक्षा झालेली असल्याने ते स्पर्धेतून बाद होते. निरीक्षणासाठी आवश्यक किमान परिस्थितीच नाही, असं सांगून युरोपीय संघाने पथक पाठवायला नकार दिला. तरीही २३ सप्टेंबरला मतदार रांगा लावून उभे राहिले आणि विरोधकांचे संयुक्त उमेदवार इब्राहिम मोहम्मद सोलिह ५८ टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आले. युरोपीय पथक आलं नाही म्हणून लोकांचं मत खोटं ठरलं नाही. हे काम शेवटी लोकांचंच आहे, याचा याहून ठळक पुरावा नको.

गैरसमज : एवढासा देश, मूठभर मतदार, तिथे निवडणूक घेणं काय अवघड?

वस्तुस्थिती : २०२३ मध्ये मालदीवच्या यादीत सुमारे २ लाख ८२ हजार मतदार होते. पण हा देश सुमारे १,२०० बेटांचा आहे. त्यातल्या दोनशेच्या आत बेटांवर लोकवस्ती आहे आणि ती विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर पसरली आहे. मतपेटी बोटीने किंवा विमानाने जाते. पर्यटकांच्या रिसॉर्टवर राबणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी तिथेच केंद्र लागतं. परदेशातही केंद्रं असतात. शिक्षणासाठी, औषधोपचारासाठी कितीतरी मालदीवी कुटुंबं केरळात राहतात, म्हणून तिरुवनंतपुरममध्येही मतदान होतं.

खरी अडचण यादीची आहे. मतदाराचं नाव त्याच्या कायमच्या पत्त्यावर, म्हणजे मूळ बेटावर असतं. पण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकसंख्या राजधानी मालेच्या परिसरात दाटीवाटीने राहते. राहत्या जागी मत द्यायचं तर मतदाराला अर्ज करून नाव त्या केंद्रावर नोंदवून घ्यावं लागतं. नाहीतर मतदानासाठी गावी जावं लागतं. २०१३ मध्ये आपल्या नकळत आपलं नाव भलत्याच केंद्रावर गेल्याच्या तक्रारी आल्या, आणि न्यायालयाने अशा अर्जांवर अंगठ्याचे ठसे सक्तीचे केले. ही नोंदणी सोपी, सुरक्षित आणि पक्ष-कार्यकर्त्यांच्या हातांपासून दूर असावी, हा निरीक्षकांचा आग्रह या अनुभवातून आला आहे.

लहान असण्याचं आणखी एक ओझं आहे. जिथे काहीशेच मतदार आहेत तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मोजणी केंद्रावरच होते आणि आकडे मतपेटीनुसार जाहीर होतात. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. पण पेटी लहान असली की कोणत्या बेटाने, कोणत्या रिसॉर्टने कोणाला साथ दिली, हे उघड होतं. शाळा, दवाखाना, बंदराची दुरुस्ती हे सगळं मालेतून मंजूर होत असताना माणसाच्या मनात धास्ती बसणं साहजिक आहे. मताची गुप्तता मोठ्या शहरात आपसूक मिळते, छोट्या बेटावर ती मुद्दाम जपावी लागते.

गैरसमज : मतपेटी सुरक्षित राहिली की निवडणूक स्वच्छ झाली.

वस्तुस्थिती : मालदीवमध्ये मतदानाच्या दिवसाचं काम बहुतेक वेळा वाखाणलं गेलं आहे. २०२३ च्या युरोपीय पथकानेही आयोगाच्या कार्यक्षमतेचं कौतुक केलं. त्याने बोट ठेवलं ते पैशावर आणि सत्तेच्या वापरावर : मतखरेदीचे प्रकार, प्रचारखर्चात पारदर्शकतेचा अभाव, निवडणुकीच्या तोंडावर सरकारी कंपन्यांत भरती आणि पगारवाढ. मतखरेदी कायद्याने गुन्हा आहे. पण तक्रार करणारा आणि पैसे देणारा एकाच बेटावर राहत असतील तर साक्ष कोण देणार? मुळात बेटावर मासेमारी, पर्यटन आणि सरकार यांखेरीज रोजगार फारसा नाही. अशा ठिकाणी सरकारी कंपनीतली नोकरी म्हणजे पूर्ण घराचा आधार असतो. तो आधार मताशी जोडला गेला की मतपेटीचं सील शाबूत असूनही मतदार मोकळा राहत नाही. म्हणूनच हिशेबाची तपासणी, निवडणूक काळातल्या सरकारी भरतीला लगाम आणि मतखरेदीच्या प्रकरणांत खरीखुरी कारवाई, या शिफारशी मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात.

गैरसमज : मुली शिकल्या की संसदेत स्त्रिया आपोआप येतात.

वस्तुस्थिती : मालदीवमध्ये साक्षरतेचं प्रमाण फार चांगलं आहे आणि स्त्रिया मोठ्या संख्येने मतदान करतात. तरी २०१९ मध्ये संसदेच्या ८७ जागांपैकी ४ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. एप्रिल २०२४ मध्ये जागा ९३ झाल्या आणि स्त्रिया तीनवर आल्या. पक्ष उमेदवारीच क्वचित देतात, हे यामागचं पहिलं कारण. याउलट स्थानिक परिषदांमध्ये २०१९ च्या कायदादुरुस्तीने एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि २०२१ च्या निवडणुकीत बेटोबेटी स्त्रिया परिषदेत बसल्या. संसदेसाठीही काही काळापुरती अशी तरतूद करा, असं निरीक्षक सांगतात तेव्हा त्यांच्यासमोर मालदीवचंच हे उदाहरण असतं.

गैरसमज : शिफारशी म्हणजे परक्यांची दादागिरी.

वस्तुस्थिती : निरीक्षकांची मोजपट्टी मालदीवने स्वतः स्वीकारलेली आहे : त्यांची राज्यघटना, त्यांचे कायदे आणि २००६ मध्ये त्यांनी मान्य केलेला नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. शिवाय मतखरेदीबद्दल, खर्चाच्या लपवाछपवीबद्दल ‘ट्रान्सपरन्सी मालदीव्हज’ ही तिथली संस्था वर्षानुवर्षं बोलते आहे. तिचे स्वयंसेवक स्वतः देशभर निरीक्षण करतात. आपलं मत खरं मोजलं जावं, ही मागणी बेटावरच्या माणसांची आहे. बाहेरचा अहवाल तिला वजन देतो, एवढंच. निवडणूक पाहण्याचा हा व्यवहार एकतर्फीही नाही. २०२४ च्या आपल्या लोकसभा निवडणुकीत भारताच्या निवडणूक आयोगाने परदेशी प्रतिनिधींना मतदान पाहायला बोलावलं, त्यांत मालदीवचेही प्रतिनिधी होते.

गैरसमज : शिफारशी कागदावरच राहतात.

वस्तुस्थिती : पुष्कळशा राहतात, हे मान्य करायला हवं. मतखरेदी आणि प्रचारखर्च यांबद्दलचे मुद्दे अहवालामागून अहवालांत पुन्हा आले आहेत. निवडून आलेल्या पक्षाला, ज्या नियमांनी तो जिंकला ते बदलण्याची घाई नसते. विरोधात असताना ज्यांनी हे अहवाल उंचावून दाखवले, तेच सत्तेवर आल्यावर ते बाजूला ठेवतात. शिफारस करणाऱ्याला मतदानाचा हक्क नसतो आणि कायदा करण्याचाही नसतो. ती मालदीवच्या संसदेत पोचवायची तर तिथले मतदार, पत्रकार, वकील आणि संस्था यांनाच ती हातात घ्यावी लागते.

आणि तरीही हे काम मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. ज्या देशात २००८ पर्यंत तीस वर्षं एकच माणूस सत्तेवर होता, तिथल्या मतदारांनी त्यानंतर निवडणुकीतून सत्ताधारी बदलण्याची सवय लावून घेतली आहे. २००८, २०१८ आणि २०२३ अशा तीन वेळा पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या फेरीत किंवा थेट लढतीत हरला आणि खुर्चीवरून उतरला. दक्षिण आशियात ही छोटी गोष्ट नाही. मालदीवच्या पुढच्या निवडणुकीची बातमी वाचताना जिंकणारा कोणाच्या बाजूचा, हे आपण पाहणारच. त्याबरोबर मतदार यादी कोणी तपासली, आयोगावर कोणाचा दाब होता, खर्चाचा हिशेब जाहीर झाला का आणि किती स्त्रियांना उमेदवारी मिळाली, हेही पाहायला हवं. त्या देशाची लोकशाही किती बळकट आहे, ते या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून कळेल.