आवाज न करणारी गाण्यांची पेटी

हातातलं काम हातात राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही मोबाइलवर भरून घेतल्या. शेजारीच गटाचा जुना कॉम्प्युटर चालू होता. आधीची सगळी गाणी त्यातच ठेवलेली. घरी येऊन ऐकतो, तर आजींच्या आवाजामागे कॉम्प्युटरच्या पंख्याची सारखी घरघर. म्हटलं, सुगी उरकली की परत भरू. सुगी उरकायच्या आत आजी गेल्या. ती घरघर काढायचा प्रयत्न केला, पण ती कमी करायला गेलं की आजींचा आवाजही पातळ होतो. मग आम्ही ठरवलं, गाणी ठेवायला अशी वस्तू आणायची जी स्वतः गप्प बसेल. ती कशी निवडली, ते आज सांगतो.

या वस्तूला म्युझिक सर्व्हर म्हणतात. नाव मोठं, काम साधं. पंगतीत वाढपी कसा मागेल त्याला मागेल ते वाढतो, तसं हे यंत्र मागेल त्या मोबाइलला गाणं वाढतं. सगळी गाणी एका पेटीत. पेटी जोडायची वायफायच्या राउटरला. घरातला किंवा बैठकीतला मोबाइल त्याच वायफायवर आला की गाणं लावता येतं. एकदा सगळं बसवून झालं की यासाठी इंटरनेट लागत नाही. रेंज गेली, रिचार्ज संपलं, तरी पेटी चालते.

आता आवाज कुठून येतो ते बघू. कॉम्प्युटरमध्ये आवाज करणाऱ्या मुख्य वस्तू दोन. एक पंखा आणि दुसरी हार्ड डिस्क. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकती असते आणि ती मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरते. म्हणून गुणगुण ऐकू येते. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती गप्प असते. पंखा नाही आणि चकती नाही, अशी पेटी मिळाली की आपलं काम झालं. गाणं वाजवायला यंत्राला फार डोकं चालवावं लागत नाही, त्यामुळे ते फार तापत नाही आणि लहान यंत्रात पंख्यावाचून भागतं.

आमच्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, जुना कॉम्प्युटरच चालू ठेवायचा. फुकटातला वाटतो, पण हिशेब करून बघा. तो 60 वॅट खात असेल आणि रात्रंदिवस चालू राहिला, तर महिन्याला 43 युनिट होतात. वर घरघर आहेच. दुसरी वाट, जुना लॅपटॉप. तो साधारण 15 वॅट घेतो, म्हणजे महिन्याला 11 युनिटांच्या आसपास. त्याची बॅटरी चांगली असेल तर लाइट गेली तरी चालतो, हा मोठा गुण. पण त्यालाही बहुधा पंखा असतो आणि आपल्याकडच्या धुळीने तो लवकरच कुरकुरायला लागतो.

तिसरी वाट आम्ही धरली. रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर मिळतो, साधारण पत्त्यांच्या कॅटएवढा. तो इंग्लंडमधल्या लोकांनी मुलांना कॉम्प्युटर शिकता यावा म्हणून 2012 साली बाजारात आणला. त्यातला चार नंबरचा, 2 जीबी मेमरीचा, आपल्या कामाला पुरतो. गाणी वाजवताना तो साधारण 4 वॅट घेतो. महिनाभर अखंड चालू ठेवला तरी 3 युनिटांच्या आतच. त्याच्यानंतर आलेला पाच नंबरचा जास्त जोरकस आहे, पण तो जास्त तापतो आणि त्याला हेडफोनची पिन लावायला जागा नाही. नवीन म्हणजे चांगलंच, असं इथे धरू नका. शहरात ऑफिसांमधून वापरून निघालेले बिनपंख्याचे छोटे कॉम्प्युटरही मिळतात. त्यांना थिन क्लायंट म्हणतात. तेही चालतात, फक्त दुकानात चालू करून, कान लावून ऐकल्याशिवाय घेऊ नका.

आता गाणी ठेवायची कशावर? या छोट्या कॉम्प्युटरला मोबाइलसारखं मेमरी कार्ड लागतं. पण सगळी गाणी त्या कार्डावर ठेवू नका. त्यावर काही लिहिलं जात असताना लाइट गेली तर कार्ड खराब होऊ शकतं. कार्डावर फक्त यंत्र चालवायचा प्रोग्रॅम ठेवा आणि गाण्यांसाठी यूएसबीला लागणारी वेगळी एसएसडी घ्या. केवढी घ्यायची? साध्या एमपी3 गाण्याला मिनिटाला साधारण 1 एमबी जागा लागते. 4 मिनिटांचं गाणं म्हणजे 4 एमबी. 256 जीबीच्या डिस्कवर अशी 60 हजारांच्या आसपास गाणी मावतात. पण आपल्या आयाबायांचा आवाज एमपी3 करून ठेवू नका. एमपी3 करताना आवाजाचा बराच भाग कायमचा गळतो. फ्लॅक नावाच्या पद्धतीत काही गळत नाही. जागा जास्त लागते, मिनिटाला साधारण 5 एमबी, तरी त्याच डिस्कवर कितीतरी वर्षांचं रेकॉर्डिंग बसेल.

पैसे वाचवू नयेत अशी एक जागा आहे, ती म्हणजे चार्जर. आम्ही आधी घरातला मोबाइलचा जुना चार्जर लावला. पेटी अधूनमधून आपोआप बंद पडायची. यंत्रात काही बिघाड नव्हता, चार्जरच कमी पडत होता. चार नंबरच्या पायला 5 व्होल्ट आणि 3 अँपिअरचा चार्जर लागतो. चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. लाइट सारखी जात असेल तर छोटा यूपीएस घ्या, पण राउटरसाठी मिळणारे यूपीएस बहुतेक 12 व्होल्टचे असतात. ते या पेटीला लावले तर पेटी जळेल. 5 व्होल्टचाच मागून घ्या.

पंखा नाही म्हणजे उष्णता बाहेर जायला दुसरी वाट हवी. त्यासाठी ॲल्युमिनियमचा डबा मिळतो. तो यंत्राला चिकटून बसतो आणि तव्यासारखी सगळी उष्णता अंगावर घेऊन हवेत सोडतो. 80 अंशांना पोचलं की यंत्र स्वतःहून मंद चालायला लागतं. म्हणून ते चुलीजवळ, देवघरातल्या समईशेजारी किंवा पत्र्याला लागून ठेवू नका. आणि मैत्रिणींनो, टीव्हीवर घालतो तसा विणलेला रुमाल या पेटीवर घालू नका! कितीही छान दिसला तरी नाही.

चालवायचा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागत नाही. नॅविड्रोम, जेलीफिन असे प्रोग्रॅम फुकट मिळतात. आमच्याकडे बारावीतल्या दोन मुलींनी एका रविवारी सगळं बसवलं. मग त्यांनीच आम्हाला शिकवलं, आणि आता पासवर्ड गटाच्या वहीत लिहिलेला आहे. एकीच्याच डोक्यात राहिला आणि ती लग्न होऊन गेली, असं व्हायला नको.

शेवटचं, पण सगळ्यात मोलाचं. पेटी कितीही चांगली असली तरी एक दिवस बिघडणारच. म्हणून प्रत्येक आवाज तीन ठिकाणी ठेवा: एक पेटीत, एक कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीच्या घरी. बियाणं आपण एकाच कणगीत ठेवतो का? तसंच हे. आणि गाणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय तिचा आवाज भरू नका, पुढे पाठवू नका. तिचं नाव, गाव आणि तारीख फाइलबरोबर लिहून ठेवा.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर हजाराहून जास्त गावांत फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं काम आपल्याला जमेल न जमेल, पण आपल्या आळीतल्या चार म्हाताऱ्यांचे आवाज तर आपण जपू शकतो.

आमच्या त्या आजींच्या ओव्या आम्ही पेटीत ठेवल्यात, घरघरीसकट. बैठकीत लावतो तेव्हा त्यांची नात म्हणते, राहू द्या, आजी तर ऐकू येते ना. पण तुमच्या आजी अजून आहेत. पेटी येईल तेव्हा येईल. आज संध्याकाळी घरातला पंखा बंद करा, मोबाइल आजीजवळ ठेवा आणि म्हणा, आजी, गा.