सेंटर, स्लीव्ह आणि अक्षाचा खरेपणा

गेल्या रब्बीत वैजापूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये बसलो होतो. गोदाकाठच्या गावाहून आलेल्या एका शेतकऱ्याने पंपाचा शाफ्ट गोणपाटातून काढून मिस्तरींसमोर ठेवला. आठ दिवसांपूर्वी तो इथूनच नवा करून नेला होता. पंप सुरू केल्यापासून घरघर येत होती आणि शेवटी बेअरिंग तापून गेले. शेतात कांदा उभा आणि पाणी तीन दिवस बंद.

“मिस्तरी, माप चुकलं का?”

मिस्तरींनी मायक्रोमीटर लावून पाहिला. “माप दोन्हीकडं बरोबर आहे, पाटील. पण दोन्ही टोकं एका रेषेत नाहीत.”

दोन्ही टोकांची मापे अचूक आणि तरीही शाफ्ट चुकलेला, हे कसे घडते ते समजून घ्यायचे तर लेथच्या पोटात, स्पिंडलच्या तोंडाशी जावे लागते.

लेथ म्हणजे कातकामाचे यंत्र. लाकूड कातणाऱ्याला मराठीत कातारी म्हणत. ‘कातीव’ हा शब्द आपण अजून चेहऱ्यासाठी वापरतो, तो याच कामातून आला. लाकडी असो वा लोखंडी, तत्त्व एकच. वस्तू फिरते, हत्यार स्थिर राहते आणि जे उरते ते गोल होते. लांब शाफ्ट कातताना त्याच्या दोन्ही टोकांना मधोमध लहान शंकूसारखी भोके पाडतात. एका भोकात हेडस्टॉककडचे सेंटर आणि दुसऱ्यात टेलस्टॉककडचे सेंटर बसते. सेंटर म्हणजे ६० अंशांचे टोक असलेला पोलादी खुंट. शाफ्टला फिरवण्याचे काम कॅरियर नावाची पकड करते. सेंटरचे काम एवढेच की शाफ्टचा अक्ष कुठे आहे ते ठरवायचे.

हे सेंटर स्पिंडलमध्ये बसते ते निमुळत्या भोकात. तिथे स्क्रू नसतो, खिळाही नसतो. या निमुळतेपणाला टेपर म्हणतात आणि त्याचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे मोर्स टेपर. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६३ साली पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले. अशी ड्रिले यंत्रात धरण्यासाठी रूढ झालेला टेपर त्यांच्याच नावाने जगभर पसरला. त्याची बाजू अक्षाशी जेमतेम दीड अंशाचा कोन करते. पोलादावर पोलाद ठेवून उतार सात-आठ अंशांपर्यंत नेला तरी ते सहसा घसरत नाही. मग दीड अंशाला ते घट्ट रुतून बसणारच. हाताने सरळ ढकलले तरी पुरे होते. मिलिंग यंत्रातला टेपर मात्र याच्या पाचपटींहून अधिक उताराचा असतो. तो आपोआप धरून राहत नाही, म्हणून त्याला मागून बोल्टने ओढून धरावे लागते.

मोर्स टेपरला क्रमांक असतात, शून्य ते सात. क्रमांक ३ चे मोठे टोक २३.८२५ मिमी व्यासाचे, तर क्रमांक ५ चे ४४.३९९ मिमी. पण फरक फक्त आकाराचा नाही. क्रमांक ३ चा व्यास दर १०० मिमी लांबीला ५.०२ मिमीने कमी होतो, क्रमांक ५ चा ५.२६ मिमीने. म्हणजे ‘मोर्स’ हे नाव एक असले तरी प्रत्येक क्रमांकाचा उतार किंचित वेगळा आहे. एकाचा कोन लावून दुसरा कातला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण एकाच काठावर टेकतो.

आता प्रश्न येतो अॅडॅप्टरचा. लेथच्या स्पिंडलचे भोक मोठे असते, समजा क्रमांक ५. हाताशी असलेले सेंटर क्रमांक ३ चे. मग बाहेरून पाच आणि आतून तीन अशी नळी मध्ये घालतात. तिला स्लीव्ह म्हणतात. तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपला ही गरज पावलोपावली पडते. किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला यंत्रांचा कारखाना काढला. तिथले लेथ, बटाला-राजकोटचे लेथ आणि कारखान्यांनी विकून टाकलेली जुनी यंत्रे, यांपैकी जे परवडेल ते दुकानात येते. प्रत्येकाचे स्पिंडल वेगळे, सेंटर मात्र पेटीत असेल ते. स्लीव्ह त्यांची सांगड घालते.

पण स्लीव्हमुळे एकाऐवजी दोन जोड तयार होतात. स्पिंडल आणि स्लीव्ह, मग स्लीव्ह आणि सेंटर. प्रत्येक जोडात थोडी चूक असतेच आणि वाईट योग आला तर या चुकांची बेरीज होते. त्या दिवशी मिस्तरींनी मागून पितळी गज घालून सेंटर ठोकून काढले, तेव्हा स्लीव्हच्या अंगावर एक ओरखडा आणि त्याच्या काठाला उठलेला बारीक उंचवटा दिसला. कधीतरी लोखंडाचा कीस आत अडकलेला असताना ती बसवली गेली होती. उंचवटा केसाहून बारीक, पण सेंटरचे टोक तिथून बरेच पुढे असते. मुळाशी झालेला तिरकेपणा टोकाशी वाढतो.

मग ही चूक कातताना का दिसली नाही? याचे उत्तर या विषयाची किल्ली आहे. सेंटरचे टोक अक्षावरून हटलेले असले तरी शाफ्ट स्पिंडलबरोबरच फिरतो, त्यामुळे हत्यार जिथे लागेल तिथे तो गोलच कातला जातो. मापही बरोबर येते. पण कॅरियर लावलेले टोक कातता येत नाही, म्हणून शाफ्ट उलटा करून दुसरी बाजू घ्यावी लागते. उलटा केल्यावर नवी बाजू नव्या अक्षाभोवती गोल होते आणि जुनी बाजू नाचू लागते. त्या वेळी डायल गेज लावला नाही तर शाफ्ट तसाच पंपात जातो.

उपाय तीन आहेत आणि त्यांना खर्च फारसा नाही. पहिला स्वच्छतेचा. स्पिंडल आणि स्लीव्ह कोरड्या फडक्याने पुसून, मग बोट फिरवून पाहायचे. उंचवटा लागला तर बारीक दगडाने फक्त तेवढाच घासायचा. दुसरा तपासणीचा. टेपरवर निळ्या रंगाच्या तीन पातळ उभ्या रेघा ओढून तो आत घालायचा, किंचित फिरवून काढायचा. रंग पूर्ण लांबीवर पुसला तर टेपर जुळला. एकाच टोकाला पुसला तर जुळला नाही आणि हातोडी मारून तो जुळणार नाही. मग डायल गेज आधी स्पिंडलच्या आत, नंतर स्लीव्हवर, शेवटी सेंटरच्या टोकावर. चूक कोणत्या जोडात शिरली ते यातून कळते. स्लीव्ह अर्धा फेरा फिरवून बसवली तर कधीकधी दोन चुका एकमेकींना कापतात. ती जागा खूण करून ठेवायची.

तिसरा उपाय मिस्तरींनी त्या दिवशी केला. स्लीव्ह आणि सेंटर दोन्ही बाजूला ठेवले. चकमध्ये साध्या लोखंडाचा तुकडा धरला, कंपाउंड स्लाइड ३० अंशांत फिरवली आणि तिथल्या तिथे ६० अंशांचे टोक कातले. हे टोक त्या स्पिंडलच्या फिरण्यातूनच तयार झाले, त्यामुळे त्याच्या अक्षावरच आहे. चक जुना असला तरी बिघडत नाही. अट एकच. काम संपेपर्यंत ते चकमधून काढायचे नाही. काढले तर पुन्हा लावल्यावर एक हलका हात फिरवायचा.

विकतचे कठीण सेंटर टिकाऊ असते, पण ते दुसरीकडे घडून येते आणि त्याचा खरेपणा मधल्या प्रत्येक जोडावर अवलंबून राहतो. हे मऊ टोक चार दिवसांत झिजेल, पण आज ते खरे आहे.

जुन्या शाफ्टच्या बेअरिंगच्या जागा आता कातून चालणार नव्हत्या, व्यास कमी झाला असता. मिस्तरींनी नवा गज घेतला. एक बाजू झाली, शाफ्ट उलटला, दुसरी झाली. मग दोन्ही जागांवर डायल लावला आणि शेतकऱ्यालाच बोलावले.

“बघा पाटील, काटा हलतो का.”

काटा जागचा हलला नाही. मजुरी मिस्तरींनी घेतली नाही, फक्त गजाचे पैसे घेतले.