हिरवा रंग, हलका पॅनकेक : माचाची कृती आणि मटाराचा पर्याय

जबलपूर : जपानी हरित चहाची पूड, म्हणजेच माचा, घालून केलेले फुललेले पॅनकेक आता घरोघरी करून पाहिले जातात. मात्र पॅनकेक चिवट होणे आणि त्याचा रंग काळपट पडणे, या दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. दोन्हींची कारणे पिठाच्या रसायनात आहेत. ती समजली की, ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत मटारासाठी निवडल्या गेलेल्या जबलपूर जिल्ह्यातील ओल्या मटारापासूनही तसाच हिरवा, हलका पदार्थ करता येतो.

माचासाठी चहाची झुडपे तोडणीपूर्वी सुमारे तीन ते चार आठवडे सावलीत ठेवतात. त्यामुळे पानांत हरितद्रव्य वाढते. पाने वाफवून, वाळवून, देठ व शिरा काढून बारीक दळली जातात. चहा गाळून पितात. माचात मात्र संपूर्ण पान पोटात जाते.

सुमारे आठ लहान पॅनकेकसाठी 125 ग्रॅम मैदा, 4 ग्रॅम माचा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्यावे. चाळल्याने माचाच्या गुठळ्या मोडतात. 180 मिलिलिटर दूध, अंड्याचा पिवळा बलक आणि दोन मोठे चमचे वितळलेले लोणी त्यात हलकेच मिसळावे. पीठ फार घोटल्यास मैद्यातील ग्लुटेनचे जाळे घट्ट होते व पॅनकेक चिवट होतो. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी अलगद मिसळला, तर त्यातील हवेमुळे पीठ अधिक फुलते. तवा मंद आचेवर ठेवावा. वरचे बुडबुडे फुटून कडा कोरड्या दिसू लागल्या की पॅनकेक उलटावा.

रंग काळवंडण्याचे कारण आच आणि आम्लता हे आहे. हरितद्रव्याच्या रेणूमधील मॅग्नेशियम निघून गेले की हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणूनच या पिठात ताक घालणे किंवा तवा जास्त तापवणे टाळावे.

लहान मुलांना हे पॅनकेक देताना कॅफिनचा हिशेब ठेवणे आवश्यक आहे. एका ग्रॅम माचात साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम कॅफिन असते. वरील प्रमाणाने एका पॅनकेकमध्ये 10 ते 20, तर तीन पॅनकेकमध्ये 30 ते 60 मिलिग्रॅम कॅफिन येते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मुलांसाठी दिवसाला प्रतिकिलो वजनामागे 3 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे 15 किलो वजनाच्या मुलासाठी 45 मिलिग्रॅम. शिवाय चहातील कॅटेचिन द्रव्ये अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 6 ते 59 महिने वयाची 67.1 टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली होती. त्या पार्श्वभूमीवर ही बाब किरकोळ ठरत नाही.

ओल्या मटारात कॅफिन नसते. मटाराचे धिरडे करताना एक वाटी दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावेत. रंग बिघडवणारी विकरे त्यामुळे निष्क्रिय होतात. दाणे आले, मिरची व कोथिंबिरीसह वाटून त्यात अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, दोन चमचे दही, मीठ आणि लागेल तसे पाणी घालावे. पाव चमचा खाण्याचा सोडा अगदी शेवटी घालावा. दह्यातील आम्लाशी संयोग होताच कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे पीठ थांबवून न ठेवता लगेच तव्यावर घालावे. सोडा वाढवल्यास रंग उजळतो, पण चव साबणासारखी होते आणि थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते.

लिंबू पिठात न पिळता ताटात वाढताना पिळावे. त्याने धिरड्याचा हिरवा रंग टिकतो आणि लिंबातील क जीवनसत्त्वामुळे मटार व बेसनातील लोह शरीरात अधिक शोषले जाते.