विद्युत दारकुलूप (मोटारगाडी)

विद्युत दारकुलूप ही मोटारगाडीच्या दारांना विजेच्या साहाय्याने कुलूप लावणारी व काढणारी यंत्रणा होय. सर्व दारांची कुलपे एकाच कळीने किंवा किल्लीने चालत असल्यास तिला सेंट्रल लॉकिंग म्हणतात. बोलीभाषेत ‘सेंट्रल लॉक’ हा शब्द रूढ आहे. दार चौकटीला धरून ठेवण्याचे काम वीज करीत नाही. ते दाराच्या कडेला बसवलेला यांत्रिक खटका करतो. विद्युत भाग केवळ त्या खटक्याला कुलूप लावतो वा काढतो. म्हणूनच वीज खंडित झाली तरी दार हाताने उघडता येणे, ही या यंत्रणेच्या दुरुस्तीची खरी कसोटी मानली जाते.

रचना व कार्य

दाराच्या कडेतील खटक्याला गॅरेजमध्ये लॅच म्हणतात. त्यात एक फिरता आकडा व त्याला अडवून धरणारी खीळ असते. दार लावताच आकडा चौकटीवरील यू आकाराच्या कडीभोवती फिरतो आणि खीळ त्याला त्या स्थितीत रोखते. दाराची मूठ ओढल्यावर सळई किंवा तार खिळीला बाजूला सारते व आकडा सुटतो. आकड्याला सहसा दोन टप्पे असतात. दार पूर्ण न लागल्यास तो पहिल्या टप्प्यावर अडकतो, त्यामुळे अर्धवट लागलेले दारही धावत्या गाडीत एकदम उघडत नाही.

कुलूप चालवणाऱ्या घटकास ॲक्च्युएटर असे म्हणतात. यात १२ व्होल्टवर चालणारी लहान मोटर आणि तिची गती कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाके असतात. विद्युतप्रवाहाची दिशा उलटली की मोटरही उलट फिरते. त्यामुळे कुलूप लावणे व काढणे ही दोन्ही कामे एकच मोटर करते. मोटरला प्रवाह क्षणभरच दिला जातो. जुन्या गाड्यांत ॲक्च्युएटर स्वतंत्र असून सळईने लॅचला जोडलेला असे. अनेक नव्या गाड्यांत तो लॅचच्याच आवरणात असल्याने संपूर्ण संच बदलावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या जोडसंचांत चालकाच्या दारासाठी पाच तारांचा व इतर दारांसाठी दोन तारांचा ॲक्च्युएटर सामान्यतः असतो. चालकाच्या दारातील जादा तारा कुलपाची स्थिती नियंत्रकाला कळवतात.

इतिहास

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९५६ मध्ये आपल्या आलिशान गाड्यांत विद्युत दारकुलपे दिली. जर्मनीच्या मर्सिडीझ-बेंझने पुढे दीर्घकाळ हवेच्या दाबावर चालणारे सेंट्रल लॉकिंग वापरले. दूरनियंत्रित सेंट्रल लॉकिंग १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्सच्या रेनॉ फुएगो या गाडीत आले. भारतात अनेक वर्षे ही सोय महागड्या आवृत्त्यांपुरती मर्यादित होती. साध्या आवृत्त्यांना ती सुट्या भागांच्या दुकानांतून बसवून घेण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली.

बिघाडाची लक्षणे व निदान

एकाच दाराचे कुलूप चालत नसल्यास दोष बहुधा त्या दारातील ॲक्च्युएटरमध्ये किंवा तारांमध्ये असतो. सर्व दारांची कुलपे एकाच वेळी बंद पडल्यास फ्यूज, रिले, नियंत्रक किंवा चालकाच्या दारातील कळ तपासली जाते. कळ दाबल्यावर मोटरचा आवाज येतो पण कुलूप हलत नाही, हे दातेरी चाक झिजल्याचे किंवा सळई निसटल्याचे लक्षण आहे.

आवाज मुळीच येत नसल्यास ॲक्च्युएटरच्या जोडणीवर मल्टिमीटर लावून कळ दाबली जाते. क्षणभर सुमारे १२ व्होल्ट दिसल्यास वीज पोहोचत आहे व ॲक्च्युएटर सदोष आहे, असा निष्कर्ष निघतो. व्होल्टता न दिसल्यास दार व चौकट यांमधील रबरी नळीतील तारा पाहिल्या जातात. दार उघडताना व लावताना त्या सतत वाकत असल्याने तेथेच तुटतात. ही तपासणी न केल्यास चांगला ॲक्च्युएटर विनाकारण बदलला जातो. मोटरच्या ब्रशची झीज, घट्ट झालेले ग्रीस आणि दारात झिरपलेले पाणी ही बिघाडाची इतर कारणे होत.

बदलण्याची पद्धत

तपशील गाडीनुसार बदलत असले तरी कामाचा क्रम साधारणतः सारखाच असतो:

१. काच पूर्ण वर घेऊन बॅटरीची ऋण जोडणी सोडवली जाते. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचे संवेदक असतात; अशा गाडीत निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबणे आवश्यक असते.

२. मूठ व हातटेकूमागील स्क्रू काढून आतील पॅनेल प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपांतून सोडवले जाते. पॅनेलमागील विद्युत जोडण्या व मुठीची तार विलग केली जाते.

३. दाराच्या पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा न फाडता बाजूला केला जातो. हा पडदा पावसाचे पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही.

४. सळयांच्या प्लास्टिक क्लिपा उघडून सळया सोडवल्या जातात. त्यांच्या मूळ जागांचे छायाचित्र आधी घेतल्यास जोडणी सोपी होते. पत्र्याच्या कडा धारदार असल्याने हातमोजे वापरावेत.

५. दाराच्या कडेवरील स्क्रू काढून लॅच बाहेर घेतला जातो आणि त्याच दारासाठीचा नवा संच बसवला जातो. डाव्या व उजव्या दारांचे संच भिन्न असतात.

दार लावण्यापूर्वीची तपासणी

पॅनेल बसवण्यापूर्वी, दार उघडे असतानाच, बॅटरी जोडून नव्या संचाची चाचणी घेतली जाते. पेचकसाने आकडा बंद स्थितीत ढकलून कुलूप लावले व काढले जाते. नंतर आतील मूठ, बाहेरील मूठ व किल्ली यांनी तो सुटतो का, हे पाहिले जाते. दार लावण्याआधी आकडा पुन्हा मोकळा करणे आवश्यक असते. सळई चुकीची जोडलेली असताना दार लावल्यास ते उघडत नाही, आणि पॅनेलचे काही स्क्रू बंद दारामागे झाकले गेल्याने दुरुस्ती फार अवघड होते.

सुरक्षितता

मागील दारांत मुलांसाठीचे कुलूप असते. ते लावल्यास आतील मुठीने दार उघडत नाही. नवा संच बसवल्यावर या कुलपाची स्थिती तपासावी लागते. काही गाड्यांतील दुहेरी कुलूपही आतील मूठ निकामी करते. म्हणून आत माणसे असताना ते लावले जात नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान झपाट्याने वाढते, त्यामुळे आत अडकलेल्या लहान मुलांच्या जिवाला धोका संभवतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पुरात अडकलेल्या बंद गाड्यांत काही जणांचा गुदमरून मृत्यू झाला. पाण्यात बुडालेल्या गाडीचे दार बाहेरील दाबामुळे सहज उघडत नाही, आणि वीज बंद पडल्यास विद्युत काचाही खाली येत नाहीत. आतील मुठीपासून लॅचपर्यंतचा यांत्रिक मार्ग सदोष असल्यास सुटकेचा आणखी एक उपाय नाहीसा होतो. त्यामुळे कळ दाबल्यावर कुलूप चालते एवढ्यावरून दुरुस्ती पूर्ण झाली असे मानता येत नाही. बॅटरी सोडवलेल्या स्थितीतही दार आतून उघडते, याची खात्री करणे हा या कामाचा अखेरचा टप्पा होय.