गाडी दुसऱ्याची, जबाबदारी चालवणाऱ्याची

मागून आणलेली किंवा भाड्याने घेतलेली मोटार रस्त्यावर उतरली, की तिच्या स्थितीची कायदेशीर जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. मोटार वाहन कायदा, १९८८ याबाबत स्पष्ट आहे. तरीही वाशीच्या सोसायटीतून शेजाऱ्याची गाडी घेऊन लग्नाला निघालेला पाहुणा असो, की पनवेलहून भाड्याची गाडी घेऊन गोव्याला निघालेली मित्रमंडळी असोत, एक समज सगळीकडे सारखाच आढळतो: ‘गाडी आपली नाही, तेव्हा तिच्यात काही बिघाड निघाला तर ते मालक बघून घेईल.’ टायर गुळगुळीत असले, ब्रेक नीट लागत नसला किंवा मागचा दिवा बंद असला, तरी हेच उत्तर पुढे केलं जातं. हे उत्तर चुकीचं आहे. त्याच्या भरवशावर लोक सदोष गाड्या घेऊन घाट उतरतात, म्हणून ते धोकादायकही आहे.

या कायद्याचं कलम १९० सदोष वाहनाविषयी आहे. वाहनात रस्त्यावरच्या माणसांना आणि इतर वाहनांना धोका होण्यासारखा दोष असताना ते सार्वजनिक ठिकाणी जो चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तो दोषी ठरतो. या यादीत पहिलं नाव चालवणाऱ्याचं आहे. गाडी कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न कलम विचारतच नाही. ते विचारतं एवढंच, की दोष त्या व्यक्तीला माहीत होता का, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता का.

‘कळला असता का’ हे शब्द इथे निर्णायक आहेत. ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव त्यांच्यामुळे अपुरा पडतो. दोष डोळ्यांसमोर असताना पाहिला नाही, तर न पाहणं हीच चूक ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कायद्यात १,५०० रुपये दंड आहे. पूर्वी तो २५० रुपयांपर्यंत होता. दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झालं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातात कोणाचा जीव गेला आणि तो निष्काळजीपणामुळे गेल्याचं सिद्ध झालं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू होतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

साधी काळजी म्हणजे मेकॅनिकचं ज्ञान नव्हे. गाडीभोवती एक फेरी मारून आणि चालकाच्या जागेवर बसून जे कळतं, तेवढंच कायदा अपेक्षितो. उदाहरण टायरचं घ्यावं. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरवरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. हे मोजायला उपकरण लागत नाही. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात आणि ते नेमके कुठे आहेत, हे टायरच्या कडेवरची खूण दाखवते. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, की टायर संपला. कोकणपट्टीच्या पावसात याला फार महत्त्व आहे. टायरखालचं पाणी या खाचांमधूनच बाहेर फेकलं जातं. खाचा नसतील तर वेगातला टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगतो, आणि मग ना स्टिअरिंग ऐकत ना ब्रेक.

ब्रेकचंही तसंच. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाट उतरताना ‘अचानक ब्रेक फेल झाला’ असं सांगितलं जातं, तेव्हा पुष्कळदा ते अचानक झालेलं नसतं. सतत ब्रेक दाबून उतरल्याने पॅड तापतात आणि त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. जुनं, ओलावलेलं ऑइल कमी तापमानाला उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. झिजलेले पॅड किंवा गळणारं ऑइल सोसायटीच्या फाटकापर्यंतच जाणवू शकतं. पेडल नेहमीपेक्षा खोल जातं, घासल्याचा आवाज येतो, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझत नाही. रोजच्या सवयीमुळे मालकाला जे खटकत नाही, ते नव्याने बसलेल्या माणसाला उलट लवकर खटकतं. म्हणून ‘गाडी ओळखीची नव्हती’ ही सबब पटणारी नाही. अनोळखी गाडी जास्तच नीट पाहून घ्यायची असते.

या जबाबदारीलाही मर्यादा आहे. धातूतली आतली भेग किंवा बंद भागातला निर्मितीदोष साध्या नजरेला दिसत नाही, आणि अशा दोषासाठी कलम १९० मागून आणणाऱ्याला दोषी धरत नाही. पण नुकसानभरपाईच्या दाव्यात ‘यांत्रिक बिघाड’ हे शब्द उच्चारले की सुटका झाली, असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या मिनू बी. मेहता खटल्यात लॉरीच्या बाजूने यांत्रिक बिघाडाचा बचाव घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केलं, की असा बचाव घेणाऱ्या मालकानेच तो सिद्ध करायचा असतो. पुरेशी काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपलेला राहिला, हे त्याला दाखवून द्यावं लागतं.

चालवणारा दोषी ठरतो, याचा अर्थ मालक मोकळा असा नाही. ‘चालवू देतो’ हे शब्द त्याच्यासाठीच आहेत. ब्रेक कमी लागतो हे माहीत असताना किल्ली दिली, तर चालवणाऱ्याबरोबर मालकही दोषी ठरतो. जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे सरकत नाही, ती दोघांवर असते. तुर्भ्याच्या बाजार समितीतून टेम्पो काढणाऱ्या किंवा न्हावा-शेव्याकडे ट्रेलर नेणाऱ्या पगारी चालकांनी याची विशेष दखल घ्यायला हवी. विम्याविषयीच्या कलम १४६ मध्ये पगारी चालकाला सवलत आहे. गाडीचा विमा नसल्याचं त्याला माहीत नसेल आणि तसं वाटण्याचं कारणही नसेल, तर तो दोषी नाही. सदोष वाहनाविषयीच्या कलम १९० मध्ये अशी सवलत नाही. ‘शेठने सांगितलं म्हणून काढली’ हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरा मोठा गैरसमज कागदांचा. ‘पेपर क्लिअर आहेत’ म्हणजे गाडी ठीक आहे, असं धरलं जातं. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी होते आणि त्या काळात तिला फिटनेस प्रमाणपत्र लागत नाही. म्हणजे चौदा वर्षांच्या गाडीचे सगळे कागद वैध असतील आणि परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकाने तिचा ब्रेक नवी असल्यापासून एकदाही तपासलेला नसेल. भाड्याच्या म्हणजे परिवहन संवर्गातल्या गाडीला फिटनेस लागतं: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पण ते तपासणीच्या दिवसापुरतं बोलतं. त्यानंतर झिजलेल्या टायरबद्दल ते काहीच सांगत नाही.

स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने घेताना नंबर प्लेट आधी पाहावी. रेंट-अ-कॅब योजना, १९८९ खालच्या परवानाधारकाच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. मूळ योजनेत अशा परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी पैसे घेऊन देणं हा परवान्याच्या नियमांचा भंग आहे. शिवाय भाड्याचा वापर पॉलिसीत बसत नसल्याने विमा कंपनीला हात वर करायला आधार मिळतो. ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या करारातल्या ओळीखाली न पाहता सही करू नये. ताबा घेतानाच टायर, दिवे, काचा, स्टेपनी आणि डॅशबोर्ड यांचं मोबाइलवर चित्रीकरण करावं. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, हे करार ठरवू शकतो. कलम १९० मधला गुन्हा मात्र करार कोणाच्याही अंगावरून काढू शकत नाही. सदोष गाडी दिल्याबद्दल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पण तो वेगळा मार्ग आहे.

तिसरा गैरसमज मागून आणणाऱ्याच्याच घरच्यांना महागात पडतो: ‘काही झालं तर गाडीचा विमा आहेच.’ कर्नाटकातल्या निंगम्मा खटल्यात मागून आणलेल्या मोटारसायकलवरचा माणूस बैलगाडीशी झालेल्या अपघातात दगावला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वाहन मागून घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. त्यामुळे चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याचे वारस त्याच वाहनाच्या विमा कंपनीकडे त्रयस्थ म्हणून दावा करू शकत नाहीत. रामखिलाडी खटल्यात २०२० मध्ये न्यायालयाने हेच तत्त्व लावलं आणि पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात संरक्षणापुरते १ लाख रुपये मंजूर केले.

किरकोळ गैरसमज थोडक्यात:

‘मालकाव्यतिरिक्त कोणी चालवलं तर विमा रद्द होतो.’ होत नाही. मालकाची संमती आणि वैध लायसन्स असेल, तर त्रयस्थांसाठीचा विमा लागू राहतो.

‘पीयूसी मालकाचा विषय आहे.’ कलम १९० चं प्रदूषणाविषयीचं दुसरं पोटकलमही चालवणाऱ्यापासूनच सुरू होतं. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

‘ई-चलान मालकाला येतं, म्हणजे चूक त्याची.’ कॅमेरा फक्त नंबर वाचतो. गाडी कोण चालवत होतं, हे विचारल्यावर सांगणं कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे.

‘प्रवाशाने पट्टा लावला नाही तर दंड प्रवाशाला.’ कलम १९४-ब नुसार १,००० रुपयांचा दंड चालकाला आहे.

‘ओरिजिनल आरसी बुक नसेल तर गाडी नेता येत नाही.’ डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य आहेत. गाडीचा नंबर टाकून विमा, पीयूसी आणि फिटनेस यांची मुदतही निघण्यापूर्वी पाहता येते.

‘चालकासह भाड्याने घेतलेल्या गाडीतही हीच जबाबदारी प्रवाशावर येते.’ येत नाही. तिथे ती चालकाची आणि गाडी चालवायला देणाऱ्याची आहे.

‘निघताना गाडी ठीक होती, तेव्हा वाटेतल्या बिघाडाचा प्रश्न येत नाही.’ येतो. कळंबोलीला ब्रेकचा दिवा लागला आणि गाडी तशीच खालापूरपर्यंत नेली, तर त्या क्षणापासून दोष चालकाला माहीत होता. कायद्याच्या दृष्टीने ही न कळण्यापेक्षा गंभीर स्थिती आहे. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, धोक्याचे दिवे लावायचे, मालकाला किंवा कंपनीला कळवायचं आणि दुरुस्ती होईपर्यंत ती पुढे न्यायची नाही.