रसिकांचे पक्ष आणि रसिकांची मर्यादा : झाडीपट्टीतील मंडईच्या अनुरोधाने

एखाद्या कलावंतावर अनेकांचे मन जडले, की त्या अनेकांचा एक पक्ष तयार होतो. आणि पक्ष म्हटला की प्रतिपक्ष आलाच. आपल्या आवडत्या गायकाचे, नटाचे वा शाहिराचे गुण गाणे आणि दुसऱ्याच्या आवडीचा उपहास करणे या दोन क्रिया माणसाच्या स्वभावात जवळजवळ लागूनच असतात. असे असता काही ठिकाणी हा उपहास हमरीतुमरीवर जातो, तर काही ठिकाणी तो रात्रभर चालूनही सकाळी कोणाच्या मनात किल्मिष उरत नाही. हा फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न लोककलेच्या अभ्यासात सहसा विचारला जात नाही. अभ्यासकांचे लक्ष रंगमंचाकडे असते आणि समोर बसलेला समाज गृहीत धरला जातो. झाडीपट्टीच्या बाबतीत मात्र तो गृहीत धरून चालत नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील सालेकसा तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे. एका अंगास मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा, दुसऱ्या अंगास छत्तीसगड, मधून मुंबई-हावडा लोहमार्ग, आणि सभोवार धानाची शेती व जंगल, अशी या तालुक्याची ठेवण आहे. येथील कचारगडच्या गुहांकडे माघी पौर्णिमेस दूरदूरच्या प्रांतांतून गोंड समाज लोटतो. बाजारच्या दिवशी या परिसरात झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी या बोली व भाषा एकमेकींत मिसळतात. म्हणजे येथे खेळासाठी जमणारा श्रोतृसमाज मुळातच एकजिनसी नाही. त्याला भांडावयास कारणे हवी असतील, तर ती मुबलक आहेत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत भाऊबीज आटोपली की मंडईचे दिवस सुरू होतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, आणि मधल्या सवडीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार व गोवाऱ्यांचे नृत्य, रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक, असा तिचा सामान्य क्रम. आजूबाजूच्या गावांच्या मंडईचे दिवस पुष्कळदा निरनिराळे असतात. लेकी, जावई, व्याही, मामेभाऊ, मावसभाऊ असे सारे सोयरे त्या दिवशी गावात येतात. घरोघरी चुली पेटत्या राहतात. आणि पुढील मंडईस आजचे यजमान पाहुणे होऊन दुसऱ्या गावी जातात. लग्नाच्या बोलण्यांनाही हाच मोसम सोयीचा असतो. रात्रीच्या खेळास बसलेला समुदाय हा असा सोयरिकीने आधीच विणलेला असतो.

खडी गंमत हा तमाशाच्या कुळातील प्रकार. शाहीर आणि त्याचे साथीदार उभ्याने गातात. गण, गौळण, लावणी आणि संवाद असा क्रम. आणि स्त्रीवेषातील पुरुष, म्हणजे नाच्या, हा तिचा अविभाज्य घटक होय. मंडईत दोन शाहिरांच्या मंडळ्या समोरासमोर उभ्या करून सामना लावण्याची प्रथा आहे. त्यास या भागात ‘दुय्यम’ म्हणतात. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जबाब द्यावा. श्रोत्यांचे दोन तट येथे उघडपणे पडतात. कोणाला एकाचा खडा आवाज आवडतो, कोणाला दुसऱ्याची हजरजबाबी. जबाब अडला की एका बाजूस हशा पिकतो, आणि तो जुळला की दुसऱ्या बाजूस आरोळी उठते.

तरीही या हशाला मर्यादा असते. तिचे कारण झाडीपट्टीचा माणूस स्वभावतःच सौम्य असतो, असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तो मोह आवरलेला बरा, कारण प्रदेशाप्रदेशांचे स्वभाव ठरविणे हे अभ्यासाचे काम नव्हे. कारण अधिक साधे आहे. ज्याच्या शाहिराची फजिती झाली म्हणून हसावयाचे, त्याच्याच ओसरीवर आज रात्रीचे जेवण झालेले असते आणि उद्याची न्याहारी व्हावयाची असते. पुढच्या मंडईस हाच माणूस आपल्या दारी येणार, हेही ठाऊक असते. प्रतिपक्षाला येथे चेहरा आहे, नाव आहे, नाते आहे. त्यातही मेहुणा आणि व्याही ही मराठी कुटुंबातील थट्टेची नाती होत. त्यांची टर उडविणे रीतीला धरून असते आणि त्यांचा अपमान करणे रीतीबाहेरचे. थट्टा कोठे संपते आणि अपमान कोठे सुरू होतो, याची जाण माणसाला शाहिराच्या सामन्यापूर्वीच घरात, लग्नघरात, विहिणींच्या पंगतीत मिळालेली असते. श्रोता ती तेथून उचलून मांडवात आणतो, इतकेच.

दुसरे कारण सवाल-जबाबाच्या घडणीतच आहे. शाहिरीतील कलगी आणि तुरा हे दोन पक्ष प्रसिद्ध आहेत. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. या परंपरेची उत्तर हिंदुस्थानात प्रचलित असलेली आख्यायिका अशी, की चंदेरीच्या राजाने तुकनगीर गोसाव्याला तुरा आणि शहा अली फकिराला कलगी बहाल केली. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : दोन्ही चिन्हे एकाच हाताने, एकाच दरबारात दिलेली आहेत. वादाचा विषयही असा निवडलेला, की तो कधी मिटूच नये. शिवावाचून शक्ती नाही आणि शक्तीवाचून शिव नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य असते, आणि म्हणूनच श्रेष्ठ कोण याचा वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगतो. यात प्रतिपक्षाचा नायनाट झाला तर खेळच बुडतो. सवाल टाकणाऱ्याला समोरच्याचा जबाब ऐकून घ्यावाच लागतो, आणि त्याबरोबर त्याच्या चाहत्यांनाही.

चाहत्यांचा उपद्रव हा विषय आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या नजरेतून सुटलेला नाही. भरताने नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा करताना तिच्या आड येणारे घातही सांगितले आहेत, आणि त्यांत शत्रूकडून होणाऱ्या घातांची स्वतंत्र दखल घेतली आहे. मत्सर, द्वेष आणि दुसऱ्या पक्षाची तरफदारी ही त्याने दिलेली कारणे. आरडाओरडा करणे, शेण, ढेकळे व मुंग्या रंगावर टाकणे हे त्याने दिलेले प्रकार. मुंग्यांचा उल्लेख वाचून हसू येते. पण इतका बारीक तपशील अनुभवावाचून लिहिला जात नाही. याच प्रकरणात तो उत्तम प्रेक्षकाची लक्षणे सांगतो, आणि पात्राच्या आनंदाने आनंदणे व दुःखाने दुःखी होणे हे त्यांतले मुख्य होय. वाद पडल्यास निर्णय कोणी द्यावा, हेही तो सांगून ठेवतो : यज्ञाच्या प्रसंगी याज्ञिकाने, अभिनयाच्या प्रसंगी नर्तकाने, सौष्ठवाच्या प्रसंगी धनुर्धराने. म्हणजे भरताचा भरवसा जाणकार पंचावर आहे. मंडईतील मर्यादा पंचावर फारशी अवलंबून नाही. ती श्रोत्यांच्या परस्परसंबंधांवर उभी आहे.

असा परस्परसंबंध नसला म्हणजे काय घडू शकते, याचे एक टोक न्यूयॉर्क शहरात १८४९ साली दिसले. एडविन फॉरेस्ट हा अमेरिकन नट आणि विल्यम मॅक्रेडी हा इंग्रज नट, यांच्या चाहत्यांत तेढ होती. फॉरेस्टला इंग्लंडमध्ये श्रोत्यांनी हुर्यो केली, तिचा कर्ता मॅक्रेडी होय असा त्याचा ग्रह झाला. पुढे १८४६ मध्ये एडिंबरोच्या नाट्यगृहात मॅक्रेडी हॅम्लेटची भूमिका करीत असता फॉरेस्टने स्वतः प्रेक्षकांत बसून त्याची हुर्यो केली. ७ मे १८४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅक्रेडीच्या ‘मॅकबेथ’वर अंडी, बटाटे आणि अखेर खुर्च्या फेकण्यात आल्या. तीन दिवसांनी ॲस्टर प्लेसच्या नाट्यगृहाबाहेर हजारोंचा जमाव जमला, सैन्याने गोळीबार केला, आणि किमान २२ माणसे प्राणास मुकली. या दंगलीच्या मुळाशी श्रीमंत-गरीब आणि इंग्रज-अमेरिकन हे वाद होते, हे खरेच. शेक्सपिअरच्या एका नाटकासाठी एवढी माणसे मेली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु त्या वादांना तोंड फुटावयास दोन नटांचे चाहते निमित्त झाले, आणि त्यांपैकी एका नटाने स्वतःच हुर्योचा धडा घालून दिलेला होता, ही गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाही.

महाराष्ट्रातील संगीत रंगभूमीवर चाहत्यांची अशीच मोठी विभागणी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या काळात झाली. केशवरावांची ‘ललितकलादर्श’ १९०८ ची, गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. गंधर्वांचे अभिमानी केशवरावांच्या चढ्या, आक्रमक गायकीला नावे ठेवीत. केशवरावांचे अभिमानी गंधर्वांच्या मार्दवाला. शहरी प्रेक्षागृहात हे दोन पक्ष एकमेकांचे सोयरे नव्हते. त्यांच्यामध्ये मंडईसारखी ओसरी नव्हती. अशा स्थितीत ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. नाटक खाडिलकरांचे, संगीत गोविंदराव टेंब्यांचे. धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. लोकमान्यांना जाऊन एक वर्षही पुरते झालेले नव्हते.

या प्रयोगाचे वर्णन सहसा दोन गायकांची जुगलबंदी म्हणून केले जाते. श्रोत्यांच्या बाजूने पाहिले असता निराळीच गोष्ट दिसते. भामिनी आणि धैर्यधर समोरासमोर असता गंधर्वांचे पद ऐकावयास आलेल्याला केशवरावांचे वाक्य संपेपर्यंत थांबणे भाग होते, आणि उलटही. आपल्या नटाला मिळालेली टाळी दुसऱ्याच्या भूमिकेवाचून उभीच राहू शकत नव्हती. ज्या संयमाचे शिक्षण दुय्यमच्या श्रोत्याला सवाल-जबाबाच्या घडणीतून मिळते, तो या प्रेक्षकांवर नाटकाच्या रचनेने आणि दोन नटांच्या वर्तनाने लादला. फॉरेस्ट प्रतिस्पर्ध्याच्या प्रयोगात हुर्यो करण्यासाठी बसला होता; येथे दोघे प्रतिस्पर्धी एकाच रंगमंचावर उभे राहिले. चाहते आपल्या दैवताच्या चेहऱ्याकडे पाहून वागतात, हा नियम दोन्ही ठिकाणी सारखाच लागू पडतो. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले, आणि ती स्पर्धा तीन महिन्यांच्या आत कायमची थांबली.

मंडईच्या या मर्यादेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. सोयरिकीवर उभी असलेली सभ्यता सोयरिकीपुरतीच पोचते. प्रतिपक्षाचा श्रोता पाहुणा असतो. पण नाचणारा नाच्या कोणाचा पाहुणा? मराठी तमाशा ज्यांनी शतकानुशतके जगविला त्या महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतील कलावंतांची कला गावाने रात्री डोक्यावर घेतली आणि दिवसा त्यांना गावकुसाबाहेर ठेवले. हा इतिहास झाडीपट्टीबाहेरचाच आहे असे मानण्यास आधार नाही. एकमेकांशी आदराने वागणारे दोन रसिक-पक्ष मिळून तिसऱ्या माणसाशी, म्हणजे प्रत्यक्ष कलावंताशी, निष्ठुर वागू शकतात. दंडारीत हा प्रश्न कमी तीव्र असतो, कारण तेथे नाचणारा बहुधा गावातलाच कोणाचा तरी मुलगा वा पुतण्या असतो, आणि त्याची थट्टा त्याच्या बापासमोर करावी लागते. खड्या गंमतीत आणि नाटकात कलावंत बाहेरून येतो, आणि तेथेच अडचण सुरू होते.

आज झाडीपट्टीच्या नाटकांचे मुख्य केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज, हे आहे. तेथील नाट्यसंस्था हिवाळाभर गावोगाव प्रयोग करतात. गावातील मंडळ प्रयोग ठरविते, कापडी मांडव उभारते, तिकिटे विकते. खेळ रात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा तिची दखल झाडीपट्टीबाहेरही घेतली गेली. स्त्री-भूमिका आता स्त्रिया करतात, आणि त्यांपैकी पुष्कळजणी दूरच्या शहरांतून येतात. मांडवातील शिट्टीचा अर्थ यामुळे बदलला. मेहुण्याच्या शाहिरावर मारलेली शिट्टी आणि अनोळखी नटीवर मारलेली शिट्टी कानाला सारखी वाटली, तरी पहिलीला उद्या सकाळी जाब देणारा माणूस आहे, दुसरीला नाही.

तिकिटामुळे आणखी एक फरक पडला. तिकीट काढून बसलेला प्रेक्षक हक्काने बसतो, पाहुणा म्हणून नव्हे. तरीही झाडीपट्टीत तिकीटविक्रीने निमंत्रणाला हुसकावून लावलेले नाही, ही बाब लक्षणीय आहे. नाटक ठरले की घरोघरी सोयऱ्यांना निरोप जातो. पाहुणे दिवस असतानाच येऊन पोचतात, जेवतात, आणि यजमानाबरोबर मांडवात जातात. त्यांची तिकिटे पुष्कळदा यजमानच काढतो. असा प्रेक्षक एकाच वेळी गिऱ्हाईकही असतो आणि पाहुणाही. संस्थेच्या गाडीतून उतरलेल्या नटनट्यांना रंगपटात चहा नेऊन देणारी, त्यांच्या जेवणाची आणि विसाव्याची सोय पाहणारी माणसे याच मंडळातली असतात. ज्या गावात ही सोय नाट्यमंडळाच्या एखाद्या सभासदाच्या घरी होते, तेथे नटी त्या घरची पाहुणी ठरते, आणि मांडवात तिच्यावर शिट्टी मारणाऱ्याला त्या घराचा विचार करावा लागतो.