बॅटरी बसली, आता काय करावे?

तुरीवरची शेवटची फवारणी झाली की पंप धुऊन माळ्यावर जातो. पुढे पाऊस पडतो, पऱ्हाटी वीतभर वर येते, तेव्हा तो खाली उतरतो. खटका दाबावा तर आवाज नाही. रात्रभर चार्जर लावला तरी अर्ध्या टाकीत पंप थांबतो. मग घरातलं कोणी म्हणतं, "बॅटरी बसली."

नागपूरला आमच्या प्रताप नगरात हेच वाक्य सुतारांच्या तोंडून ऐकू येतं. जुनी घरं पाडून तिथं माड्या उठत आहेत. तिथले सुतार बिनवायरच्या ड्रिलनं भोकं पाडतात, स्क्रू आवळतात. काही वर्षांनी त्या ड्रिलचीही बॅटरी बसते.

पण बसली म्हणजे नेमकं झालं काय? ते समजलं तर पैसे वाचतात. काही बॅटऱ्या पुन्हा उठतात. काहींना उठवायला जावं तर घराला आग लागते.

आधी एक गोष्ट करा. बॅटरीला दोष देण्यापूर्वी वायर, खटका आणि फ्यूज पाहा. औषधाचे थेंब पडून बॅटरीच्या पत्तीवर हिरवा-पांढरा गंज चढतो. तो घासून काढला की पुष्कळदा पंप चालू लागतो. चार्जरही मेलेला असू शकतो. शेजाऱ्याचा तसाच चार्जर लावून पाहा. एवढं पाहिल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नये.

आता आत काय असतं ते पाहू या. पंपातली जड, काळी बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, ८ अँपिअर-तासांची असते. तिच्या पोटात सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पाट्या आणि ॲसिड. एक कप्पा दोन व्होल्ट देतो, म्हणून सहांचे बारा. ही जात फार जुनी आहे. फ्रान्समध्ये गास्तों प्लान्ते यांनी ती १८५९ साली तयार केली. वीज ती थोडकीच पिते. एका युनिटात अशी बॅटरी आठ-नऊ वेळा भरता येईल.

हे सहा कप्पे एकामागे एक जोडलेले असतात. स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून घमेली पुढे देतात ना, तसंच. रांगेतला एक जण बसला तर बाकीचे पाच धडधाकट असून उपयोग नाही. घमेलं तिथंच अडतं. बॅटरी बसते तेव्हा पुष्कळदा असा एखादाच कप्पा गेलेला असतो.

तो कसा ओळखावा? वीजदुरुस्तीवाल्याकडे मीटर असतं. बॅटरी रात्रभर भरा, दोन-तीन तास तशीच राहू द्या, मग मोजायला सांगा. काटा १२.७ च्या आसपास असला तर भरणं नीट झालं. नंतर टाकीत साधं पाणी घालून पंप चालवा आणि पुन्हा मोजा. आकडा धाडकन खाली आला तर बॅटरीत दम उरलेला नाही. आणि रात्रभर भरूनही आकडा साडेदहाच्या वर चढतच नसेल, तर एक कप्पा आतल्या आत चिकटून मेला असं समजा. तिच्यावर आणखी खर्च करू नका.

कप्पा मेलेला नाही, पण बॅटरी सहा महिने रिकामी पडून होती, असं असेल तर थोडी आशा असते. बॅटरी रिकामी झाली की पाट्यांवर शिशाचा पांढरा क्षार बसतो. लगेच भरली तर तो जातो. महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर माठाला पूट चढावं तसा तो कडक होतो, मग सहसा सुटत नाही. दुकानदार थोड्या विजेवर सावकाश, एक-दोन दिवस भरून पाहतात. कधी निम्मी ताकद परत येते, कधी काहीच येत नाही. वरचं झाकण उचकटून कप्प्यांत पाणी सोडणारेही आहेत. आतलं पाणी आटलं असेल तर त्यानं काही दिवस निघतात. पण पाणी डिस्टिल्ड लागतं, विहिरीचं चालत नाही, आणि आतलं ॲसिड डोळ्यात उडालं तर डोळा जातो. थोड्या दिवसांच्या कामासाठी एवढा धोका घेऊ नये, असं माझं मत आहे.

खरं पाहता ही बॅटरी वावरातल्या कामानं कमी आणि माळ्यावरच्या विश्रांतीनं जास्त खराब होते. न वापरता ठेवली तरी तिची वीज हळूहळू झिरपत असते. उन्हानं ते झिरपणं वाढतं. वैशाखात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर भट्टीच असते. म्हणून पंप ठेवताना बॅटरी पूर्ण भरा. घरातल्या सावलीच्या, थंड जागी ठेवा. दर महिन्या-दीड महिन्यानं एकदा भरा. भरताना जवळ चूल नको, विडी नको. त्या वेळी बॅटरीतून पेटणारा वायू निघू शकतो.

सुताराच्या ड्रिलची जात वेगळी. अमेरिकेत १९६१ साली बिनवायरचा ड्रिल बाजारात आला, तेव्हा त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. आता बहुतेक ठिकाणी लिथियमचे सेल असतात. ते १९९१ पासून बाजारात आहेत. एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट, आणि भरल्यावर २१. म्हणून एका डब्यावर १८ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर २० किंवा २१. आत पाचच सेल. आकडा मोठा दिसला म्हणून जास्त पैसे मोजू नका.

इथंही घमेल्यांचाच हिशेब. पाचांतला एक कमजोर झाला की आतली पट्टी सगळी वीज तोडते. ड्रिल दोन क्षण फिरतो आणि थांबतो. अशा वेळी जाणता कारागीर पाचही सेल नवे, एकाच जातीचे आणि एकाच वेळी बसवतो. चार जुन्यांत एक नवा घातला तर जुने त्याला मागे ओढतात. सेल जोडताना निकेलची पत्ती यंत्रानं चिकटवावी लागते. डाख लावायची तापती कांडी सेलवर फार वेळ धरली तर सेल आतून बिघडतो. सेल ड्रिलच्या कामाचे आहेत ना, हे विचारा. टॉर्चचे हलके सेल ड्रिलचा भार सोसत नाहीत, तापतात. बोटाएवढ्या सेलवर ९९०० लिहिलेलं दिसलं तर ते दुकान सोडा. त्या मापाच्या चांगल्या सेलमध्येही ३५०० च्या आसपासच वीज मावते.

जुन्या निकेलच्या सेलला जोराच्या विजेचा झटका देऊन उठवण्याची एक युक्ती होती. आत वाढलेले धातूचे केस त्यानं जळत आणि सेल काही दिवस चाले. ती युक्ती लिथियमवर कधीही करू नका. दोन व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम सेल भरायला घेतला तर तो आतून जुळून पेटू शकतो. फुगलेला, चेपलेला किंवा गोड-उग्र वास येणारा सेल चार्जरला लावूच नका. धूर निघाला तर आधी भिंतीवरचा खटका बंद करा, मुलांना बाहेर काढा आणि लांबून भरपूर पाणी ओता.

आता काही नव्या पंपांतही लिथियमची हलकी बॅटरी येते. तिला जुन्या पंपाचा चार्जर लावू नका. पिन बसते, पण जुना चार्जर चौदा व्होल्टपर्यंत नेतो. तीन सेलच्या लिथियम बॅटरीला १२.६ च्या वर सोसत नाही.

मेलेल्या बॅटरीचं काय करावं? ती फोडून, चुलीवर शिसं वितळवून विकण्याचा मोह होतो. तसं करू नये. शिशाचा धूर आणि धूळ अंगणात बसते, रांगतं मूल ती तोंडात घालतं, आणि त्याच्या मेंदूची वाढ खुंटते. हे विष शरीरात साठत जातं. जुनी बॅटरी दुकानात अख्खीच द्या. शिशाला मोल आहे, म्हणून नवी घेताना जुनीचे पैसे वजा करून मागा. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या सरकारी नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. लिथियमच्या सेलना दुकानदार पैसे देईलच असं नाही. तरीही त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ते त्याच्याकडेच द्या. उकिरड्यावर टाकू नका.